क्रेडिट पॉइंट जमले, रुग्णाचे काय?

दुखापतीनंतरच्या पुनर्वसनाचे शास्त्र गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमूलाग्र बदलले. ते शास्त्र रुग्णापर्यंत नेणाऱ्यांच्या पदवीनंतरच्या शिक्षणाचे मोजमाप मात्र अजूनही प्रामुख्याने हजेरीवरच होते.

३० डिसेंबर २०२२ च्या पहाटे रुरकीजवळ क्रिकेटपटू ऋषभ पंत याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. त्याच्या उजव्या गुडघ्याच्या लिगामेंटवर जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया करण्यात आली. २३ मार्च २०२४ रोजी तो आयपीएलच्या सामन्यात पुन्हा यष्टींमागे उभा राहिला आणि त्याच वर्षी जूनमध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता. शस्त्रक्रियेच्या कौशल्याचे कौतुक झाले आणि ते रास्तच होते. तथापि, शस्त्रक्रिया काही तासांत संपली. त्यानंतर चालले ते चौदा महिन्यांचे पुनर्वसन. पाय सरळ करणे, वजन पेलणे, जिना चढणे, धावणे, वळणे आणि अखेरीस उकिडवे बसून यष्टिरक्षण करणे, अशा एकेका पायरीवर कोणीतरी जाणकार त्याच्या शेजारी उभा होता.

प्रत्येक जखमीच्या वाट्याला राष्ट्रीय क्रिकेट अकादमी येत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२३ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजार ८९० जणांचा मृत्यू झाला, तर ४ लाख ६२ हजार ८२५ जण जखमी झाले. मृतांच्या आकड्यावर चर्चा होते. जखमींचे पुढे काय झाले, ते कामावर परतले की नाही, त्यांचा गुडघा पुन्हा वाकला की नाही, याची चर्चा सहसा होत नाही. केंद्र सरकारने मे २०२५ मध्ये अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत प्रत्येक जखमीला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळण्याची तरतूद आहे. पण मुदत अपघातापासून सात दिवसांची. जीव वाचवण्यासाठी ही योजना मोलाची आहे, यात शंका नाही. परंतु हाड जोडले गेल्यावर, टाके निघाल्यावर जे पुनर्वसन सुरू व्हायचे, ते बहुतांशी आठव्या दिवसानंतरच सुरू होते. तेथून पुढे जखमी माणूस, त्याची ऐपत आणि त्याच्या गल्लीतील फिजिओथेरपिस्ट एवढेच उरतात.

म्हणूनच त्या फिजिओथेरपिस्टचे ज्ञान कोणत्या वर्षी थांबले आहे, हा केवळ एका व्यवसायाचा अंतर्गत प्रश्न राहत नाही.

विश्रांतीकडून भाराकडे

दुखापतीच्या उपचारांचे एक सूत्र जगभर पाठ केले गेले: विश्रांती, बर्फ, घट्ट पट्टी आणि अवयव उंच ठेवणे. या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांचे ‘राइस’ हे लघुरूप अमेरिकेतील डॉ. गेब मर्किन यांनी १९७८ मध्ये रूढ केले. २०१४ मध्ये याच मर्किन यांनी, बर्फ आणि संपूर्ण विश्रांती यांमुळे बरे होण्याची प्रक्रिया लांबू शकते, असे लिहून आपली भूमिका बदलली. त्याआधी २०१२ मध्येच ब्रिटिश संशोधकांनी विश्रांतीच्या जागी ‘योग्य प्रमाणात भार’ हा शब्द सुचवला होता. २०१९ मध्ये पुढे आलेल्या नव्या सूत्रात तर बर्फाला स्थानच उरले नाही. रुग्णाचे प्रबोधन, आशावाद आणि व्यायाम यांना मात्र ते मिळाले.

टाचेमागच्या स्नायुबंधाच्या जुनाट दुखण्यावर स्वीडनमधील आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये उलट वाट दाखवली. दुखऱ्या भागाला जपण्याऐवजी त्यावर पद्धतशीरपणे भार देणारे व्यायाम त्यांनी करून घेतले आणि रुग्ण धावण्याकडे परतले. गुडघ्याच्या लिगामेंटबाबत २०१० मध्ये स्वीडनमध्येच १२१ तरुण रुग्णांवर झालेली चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांतील काहींवर लगेच शस्त्रक्रिया झाली. उरलेल्यांचे आधी पुनर्वसन करून गरज भासली तरच शस्त्रक्रिया करण्याचे धोरण ठेवण्यात आले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या गुडघ्यांत लक्षणीय फरक आढळला नाही. पाच वर्षांनंतरही दुसऱ्या गटातील सुमारे निम्म्या रुग्णांना शस्त्रक्रिया करावी लागलेली नव्हती. चांगल्या पुनर्वसनाची ताकद केवढी असते, याचा हा पुरावा होता.

याच्या पुढचा टप्पा खेळाडूंना अधिक जवळचा आहे. शस्त्रक्रियेनंतर मैदानावर कधी उतरायचे? पूर्वी याचे उत्तर ‘सहा महिने झाले की’ असे सर्रास दिले जाई. २०१६ मध्ये नॉर्वेजियन व अमेरिकी संशोधकांनी १०६ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा करून दाखवले, की नवव्या महिन्यापर्यंत मैदानावरील पुनरागमन जितके महिने लांबवले, त्यातील प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण सुमारे ५१ टक्क्यांनी घटले. ठरावीक चाचण्या उत्तीर्ण न होता खेळायला उतरलेल्यांपैकी ३८.२ टक्के जण पुन्हा जखमी झाले. उत्तीर्ण होऊन उतरलेल्यांत हेच प्रमाण ५.६ टक्के होते. या चाचण्यांत गूढ असे काही नाही. जखमी पायाची ताकद आणि एका पायावर मारलेल्या उडीचे अंतर निरोगी पायाच्या किमान ९० टक्के भरले पाहिजे, हा त्यांचा गाभा. त्यासाठी मोजपट्टी, ताकद मोजण्याचे साधन आणि मुख्य म्हणजे हे मोजायचे असते याची जाण लागते.

मैदानावर गुडघा गमावलेला कबड्डीपटू आणि दुचाकीवरून घसरलेला कुरिअरचा कर्मचारी या दोघांच्या बाबतीत नेमकी हीच जाण निर्णायक ठरते. चाचणी न घेता ‘आता खेळायला हरकत नाही’ असे सांगणारा एक शब्द खेळाडूची कारकीर्द संपवू शकतो.

सवय मात्र तीच

नवे ज्ञान जन्माला येणे आणि ते दवाखान्यात वापरले जाणे, यांत मोठे अंतर असते. हे अंतर केवळ भारतातच आहे, असेही नाही. स्नायू, हाडे व सांध्यांच्या विकारांवर फिजिओथेरपिस्ट प्रत्यक्षात काय उपचार करतात, याबाबत जगभर झालेल्या ९४ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वेक्षणांवर आधारित अभ्यासांचा मध्यांक पाहता, मार्गदर्शक तत्त्वांनी शिफारस केलेले उपचार निवडणारे फिजिओथेरपिस्ट ५४ टक्के होते आणि शिफारस नसलेले उपचार निवडणारेही ४३ टक्के होते. यातील बहुतेक अभ्यास विकसित देशांतील होते, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे.

आपल्याकडील चित्र कोणत्याही शहरातील रुग्णाला ओळखीचे वाटेल. ‘दहा सिटिंग घ्या’ असा सल्ला मिळतो. पडद्यामागे खाट, त्यावर रुग्ण, त्याला शेक दिला जातो, मग ‘मशिन लावले’ जाते. पंधरा मिनिटांनी घंटा वाजते. जाताना व्यायामाचा छापील कागद हाती पडतो. शेकाने तात्पुरते बरे वाटते, हे खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की त्या दहा सिटिंगमध्ये स्नायूंची ताकद किती वाढली, हे कोणी मोजले काय?

पाऊल मुरगळल्यानंतर दिल्या जाणाऱ्या अल्ट्रासाउंड उपचारांचा फारसा लाभ होत नसल्याचा निष्कर्ष कॉक्रेन या संशोधन संस्थेच्या आढाव्याने २०११ मध्येच काढला होता. कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, विद्युतप्रवाहाचे विविध उपचार आणि ट्रॅक्शन देऊ नयेत, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट म्हटले. तरीही ही यंत्रे आजही असंख्य दवाखान्यांत केंद्रस्थानी आहेत. त्याचा दोष एकट्या फिजिओथेरपिस्टच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. रुग्णालाही यंत्र हवे असते. ‘मणक्यात गॅप आला आहे’, ‘नस दबली आहे’, ‘झीज झाली आहे’ ही वाक्ये ऐकून आलेल्या माणसाला ‘हालचाल करा, भार द्या’ असे सांगणे अवघड असते. त्याच्या मनातील भीती काढून त्याला व्यायामाकडे वळवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि ते रुग्णाच्या भाषेतच शिकावे लागते.

हजेरीचे गणित

यावर रूढ उपाय म्हणजे निरंतर व्यावसायिक शिक्षण. व्याख्यानाला, कार्यशाळेला किंवा परिषदेला उपस्थित राहायचे, प्रमाणपत्र घ्यायचे, त्याचे क्रेडिट पॉइंट जमवायचे आणि त्या जोरावर नोंदणीचे नूतनीकरण करून घ्यायचे. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेने डॉक्टरांसाठी पाच वर्षांत ३० पॉइंटची अट घातली. फिजिओथेरपिस्ट व ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांच्यासाठी राज्याने २००२ च्या कायद्यान्वये स्वतंत्र परिषदेची तरतूद केली आणि तेथेही मान्यताप्राप्त कार्यक्रमांना पॉइंट देण्याची पद्धत रुळली.

ही पद्धत निरुपयोगी आहे, असे म्हणता येणार नाही. किमान संपर्क तरी टिकतो, समव्यावसायिक भेटतात, नवे शब्द कानावर पडतात. परंतु केवळ सभा आणि कार्यशाळांनी प्रत्यक्ष उपचारांत किती बदल होतो, याचे उत्तर उपलब्ध आहे आणि ते नम्र करणारे आहे. कॉक्रेनने २०२१ मध्ये २१५ अभ्यासांचा आढावा घेतला. अपेक्षित उपचारपद्धती पाळण्याच्या प्रमाणात अशा कार्यक्रमांनी झालेली सुधारणा सात टक्क्यांच्याही आत होती. दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. आपल्याला काय येत नाही, हे माणसाला स्वतःहून क्वचितच कळते. डॉक्टरांनी केलेले स्वतःचे मूल्यमापन आणि त्यांचे प्रत्यक्ष कौशल्य यांचा मेळ फारसा बसत नाही, असे २००६ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकातील आढाव्याने दाखवून दिले. साहजिकच, काय शिकायचे याची निवड पूर्णपणे ज्याच्या त्याच्यावर सोडली, तर ज्याला जे आवडते आणि जे आधीच बऱ्यापैकी येते, तेच तो पुन्हा शिकायला जातो.

या पोकळीत बाजार शिरला नसता तरच नवल. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत एखादे तंत्र शिकवून प्रमाणपत्र देणाऱ्या कार्यशाळांचे पेव फुटले आहे. रंगीत पट्ट्या चिकटवण्याचे तंत्र जपानी कायरोप्रॅक्टर केन्झो कासे यांनी १९७० च्या दशकात विकसित केले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये खेळाडूंच्या खांद्यांवर त्या पट्ट्या झळकल्या आणि जगभर त्यांची मागणी वाढली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या पाठीवरचे लाल वर्तुळाकार व्रण दूरचित्रवाणीवर दिसले आणि कपिंगचे अभ्यासक्रम चालू लागले. पट्ट्यांचा परिणाम अल्प किंवा नगण्य असल्याचे आढावे वारंवार सांगत राहिले. पण पट्टी दिसते, तिचे छायाचित्र निघते आणि तिचे वेगळे पैसेही लावता येतात. मांडीच्या स्नायूची ताकद आठवड्यागणिक मोजून वहीत टिपणे यात दाखवण्याजोगे काहीच नसते. तरुण पदवीधर आपल्या तुटपुंज्या वेतनातून या कार्यशाळांचे शुल्क भरतो तेव्हा तो शास्त्रापेक्षा दवाखान्याच्या पाटीवर लिहिण्याजोगे काहीतरी विकत घेत असतो.

ओंटारियो आणि ब्रिटन

कॅनडात या क्षेत्रात किनेसिऑलॉजिस्ट हा स्वतंत्र व्यावसायिक वर्ग आहे. मानवी हालचालींचे शास्त्र शिकून, दुखापतीनंतर व्यायामाच्या आधारे माणसाला पुन्हा कामावर किंवा मैदानावर नेणे हे त्यांचे मुख्य काम. स्नायू दाबून रोगनिदान करण्याचा दावा करणाऱ्या ‘अप्लाइड किनेसिऑलॉजी’ नावाच्या पद्धतीशी त्यांचा संबंध नाही. भारतात असा स्वतंत्र वर्ग नाही. ते काम फिजिओथेरपिस्टच करतात. म्हणूनच त्या देशातील अनुभव येथे उपयोगी ठरतो.

ओंटारियो प्रांताने २००७ मध्ये किनेसिऑलॉजीसाठी कायदा केला आणि १ एप्रिल २०१३ पासून नियामक महाविद्यालय कार्यरत झाले. नावात ‘कॉलेज’ असले तरी ती शिक्षणसंस्था नव्हे, नोंदणी व नियमन करणारी परिषद आहे. प्रांताच्या १९९१ च्या आरोग्य व्यवसाय कायद्यानुसार अशा प्रत्येक परिषदेला गुणवत्ता हमीचा कार्यक्रम राबवावाच लागतो. त्याचे घटक तीन: निरंतर शिक्षण, स्वमूल्यमापन आणि समव्यावसायिकाकडून होणारे प्रत्यक्ष कामाचे मूल्यमापन. येथे कळीचा शब्द तिसरा. निवड झालेल्या सदस्याच्या कामाच्या नोंदी दुसरा अनुभवी किनेसिऑलॉजिस्ट पाहतो, रुग्णाबाबतचे निर्णय कसे घेतले याविषयी त्याच्याशी चर्चा करतो आणि उणीव आढळल्यास शिक्षण सुचवतो. हेतू शिक्षा करण्याचा नसून सुधारण्याचा असतो. शिवाय कमतरता आधी शोधली जाते आणि शिक्षण नंतर ठरते. आपल्याकडे हा क्रम नेमका उलटा आहे.

ब्रिटनमधील आरोग्य व्यवसाय परिषदेने तर पॉइंट आणि तासांची मोजदादच ठेवलेली नाही. फिजिओथेरपिस्टला दर दोन वर्षांनी नोंदणी नूतनीकरण करावे लागते. त्या वेळी सहजगत्या निवडलेल्या अडीच टक्के सदस्यांना आपण काय शिकलो, त्यामुळे कामात कोणता बदल झाला आणि त्याचा सेवा घेणाऱ्याला काय लाभ झाला, हे पुराव्यानिशी लिहून द्यावे लागते. समाधानकारक उत्तर न देणाऱ्याचे नाव नोंदवहीतून कमी होऊ शकते. अडीच टक्के हे प्रमाण लहान वाटेल. पण आपली निवड केव्हाही होऊ शकते, ही जाणीव उरलेल्यांनाही वही लिहायला लावते. परीक्षेपेक्षा परीक्षेची शक्यता अधिक काम करते, हा व्यवहार शाळेत शिकलेल्या कोणालाही समजेल.

तिसरा दुवा पैशांचा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात किनेसिऑलॉजिस्टवर ओंटारियोसारखे कायद्याचे नियमन नाही. तरीही तेथील सरकारी मोटार विमा महामंडळाने १ एप्रिल २०१९ पासून अपघातानंतरच्या पहिल्या बारा आठवड्यांत किनेसिऑलॉजीच्या बारा सत्रांना पूर्वपरवानगीविना मान्यता दिली. अपघातग्रस्ताला भरपाईच्या दाव्यापेक्षा आधी उपचार, हे धोरण तेथे २०२१ मध्ये अधिक पक्के झाले. पुनर्वसनाचे पैसे देणारा मोठा ग्राहक उभा राहिला, की निष्पत्ती कोणती, नोंदी कुठे आहेत, असे प्रश्न विचारणाराही कोणीतरी उभा राहतो. आपल्याकडे आरोग्य विम्याचा भर रुग्णालयात दाखल होण्यावर. बाह्यरुग्ण म्हणून घेतलेल्या फिजिओथेरपीचा खर्च बहुधा रुग्णाच्याच खिशातून जातो आणि त्याच्या एकट्याच्या प्रश्नाला वजन नसते.

प्रवेशद्वारावर पहारा, आत सामसूम

देशात फिजिओथेरपीचे औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, त्यात मुंबईचा वाटा मोठा आहे. परंतु या व्यवसायाला राष्ट्रीय पातळीवरील कायद्याची मान्यता मिळायला त्यानंतर जवळजवळ सात दशके लागली. संसदेने मार्च २०२१ मध्ये संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. फिजिओथेरपी ही त्यातील दहा वर्गांपैकी एक. आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये क्षमताधारित नवा अभ्यासक्रम जाहीर केला. महाराष्ट्रात साडेचार वर्षांचा असलेला पदवी अभ्यासक्रम त्यानुसार वर्षभराच्या आंतरवासितेसह पाच वर्षांचा होणार आहे. विद्यार्थ्याने काय पाठ केले यापेक्षा त्याला काय करता येते, यावर भर देण्याची ही दिशा स्वागतार्हच आहे.

मात्र सप्टेंबर २०२५ मध्ये जो वाद रंगला, तो बोलका होता. फिजिओथेरपिस्टनी नावापुढे ‘डॉक्टर’ लावू नये, असे पत्र केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयाने काढले आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतले. दोन्ही बाजूंनी निवेदने झाली, समाजमाध्यमांवर खडाजंगी झाली. रुग्णाची दिशाभूल होऊ नये आणि व्यवसायाचा सन्मान राखला जावा, हे दोन्ही मुद्दे क्षुल्लक नाहीत. पण नावाआधी काय लिहावे यावर एवढी शाई खर्च झाली असताना, नोंदणी झाल्यानंतरच्या दहाव्या वा विसाव्या वर्षी हा व्यावसायिक नेमके काय उपचार करतो आहे, या प्रश्नावर शब्दही उमटला नाही. सारा पहारा प्रवेशद्वारावर. प्रवेश, अभ्यासक्रम, पदवी, नोंदणी. एकदा आत गेलेल्या माणसाकडे पुढील पस्तीस-चाळीस वर्षे कोण पाहणार?

आज बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी पदवी घेणारा विद्यार्थी साठीपर्यंत काम करील. १९९८ मध्ये पदवी घेतलेल्याच्या पाठ्यपुस्तकातले ‘राइस’ सूत्र त्याच्या पन्नाशीपूर्वीच मोडीत निघाले. आजच्या विद्यार्थ्याच्या पुस्तकातील कोणती पाने पुढे मोडीत निघतील, हे आज कोणीच सांगू शकत नाही. अभ्यासक्रम कितीही उत्तम असला तरी तो पहिल्या काही वर्षांचीच हमी देतो.

एका तासाचे अर्थकारण

शिकलेले न वापरण्यामागे आळसापेक्षा अर्थकारण अधिक आहे, हे मान्य केल्याशिवाय ही चर्चा पुढे सरकणार नाही. यंत्र लावून एका तासात चार रुग्ण सांभाळता येतात. गुडघ्याची ताकद मोजायची, व्यायाम करून घ्यायचा, चुका दुरुस्त करायच्या आणि रुग्णाची भीती घालवायची, तर एका तासात एकच रुग्ण होतो. दर मात्र सिटिंगचा, कामाचा नव्हे. शहरातील भाडे, यंत्रांचे हप्ते आणि शेजारच्या दवाखान्याशी स्पर्धा यांतून गणित मांडणाऱ्या व्यावसायिकाला चांगले उपचार परवडेनासे होतात. अशा माणसाला आणखी दहा व्याख्यानांना बसवून काय साधणार? त्याला व्यायामाचे महत्त्व ठाऊक असते. वेळ काढण्याची सोय नसते. त्यामुळे शिक्षणाचा विचार दवाखान्याच्या रचनेपासून वेगळा काढता येत नाही.

याचा अर्थ सगळे घोडे सरकारी निधीपाशी अडले आहे, असेही नाही. कमी खर्चात करता येण्याजोग्या काही गोष्टी आहेत.

पहिली, पॉइंटचा काही भाग व्याख्यानांऐवजी स्वतःच्या रुग्णनोंदींना द्यावा. गुडघ्याच्या सलग दहा रुग्णांचे पहिल्या दिवसाचे आणि बाराव्या आठवड्याचे मोजमाप लिहून देणाऱ्याला हॉटेलातील परिषदेत दिवस घालवणाऱ्यापेक्षा अधिक श्रेय मिळाले पाहिजे.

दुसरी, नूतनीकरणाच्या वेळी अगदी एक-दोन टक्के सदस्यांच्या कामाचे समव्यावसायिकांकडून मूल्यमापन सुरू करावे. या कामासाठी प्रत्येक जिल्ह्यात अनुभवी मंडळी आहेत आणि बहुतेक ठिकाणी महाविद्यालयेही आहेत. त्याचे स्वरूप तपासनिसाच्या धाडीचे न होता, ज्येष्ठाने कनिष्ठाच्या खांद्यावर हात ठेवण्याचे राहिले तरच ते टिकेल.

तिसरी, यंत्रे व साधने विकणाऱ्या कंपन्यांच्या पैशांवर चालणाऱ्या कार्यक्रमांना पॉइंट देताना त्यांचा हितसंबंध जाहीर करणे बंधनकारक असावे.

चौथी बाब भाषेची. मार्गदर्शक तत्त्वे इंग्रजीत येतात. रुग्ण मराठीत घाबरतो. लातूरच्या किंवा चिपळूणच्या दवाखान्यात ‘गॅप’ शब्दाने गांगरलेल्या शेतकऱ्याला काय सांगायचे, याचे प्रशिक्षण मराठीतून होणे, ही काही भावनिक मागणी नव्हे. ती उपचाराचाच भाग आहे.

या सूचनांना आक्षेप नाहीत असे नाही. देशाचा आकार प्रचंड, राज्य परिषदांचे मनुष्यबळ अपुरे आणि मूल्यमापनाच्या नावाखाली नवी चिरीमिरी सुरू होण्याची भीतीही खरी. शिवाय पदवी नसलेले, दोन महिन्यांचा अभ्यासक्रम केलेले लोक राजरोस ‘फिजिओ’ म्हणून काम करीत असताना, रीतसर नोंदणी केलेल्यांवरच बंधने का, हा सवालही रास्त आहे. त्याचे उत्तर असे, की बोगस व्यावसायिक आणि नोंदणीकृत व्यावसायिक यांतील फरक रुग्णाला दिसला पाहिजे. तो फरक भिंतीवरच्या प्रमाणपत्राने दिसत नाही. तो उपचारांत दिसावा लागतो. ज्या दिवशी नोंदणी क्रमांक म्हणजे अद्ययावत ज्ञानाची हमी असे समीकरण रुजेल, त्या दिवशी नावापुढे काय लिहायचे हा वादही बराचसा निरर्थक होईल.

रुग्णाचा प्रश्न

तोवर रुग्णाच्या हाती काहीच नाही, असे मात्र समजण्याचे कारण नाही. उपचार सुरू करताना चार साधे प्रश्न विचारता येतात. आज माझी ताकद आणि हालचाल किती आहे, हे मोजून लिहिणार का? सहा आठवड्यांनी ती किती व्हायला हवी? यंत्राव्यतिरिक्त मी स्वतः काय करायचे? आणि खेळायला किंवा कामावर जायला मी तयार आहे, हे कोणत्या चाचणीवरून ठरवणार? चांगल्या फिजिओथेरपिस्टला या प्रश्नांचा राग येणार नाही. उलट, अशा रुग्णाबरोबर काम करणे त्याला सोपे जाईल. ज्याच्याकडे उत्तरे नसतील, त्याला ती शोधावी लागतील, आणि पदवीनंतरचे खरे शिक्षण बहुधा तेथूनच सुरू होते.

राष्ट्रीय आयोगाची घडी अद्याप बसते आहे. नियम एकदा छापले गेले, की ते बदलायला दशके लागतात, हा आपला अनुभव आहे. अभ्यासक्रमासाठी जितका विचार झाला, तितकाच विचार पदवीनंतरच्या चाळीस वर्षांसाठी होण्याची हीच वेळ आहे. अन्यथा पुढील पिढीतही क्रेडिट पॉइंटची फाइल फुगत जाईल, आणि दहावी सिटिंग संपवून जिना उतरणारा माणूस मात्र कठड्याला धरूनच उतरत राहील.